मेसेज छोटा की मोठा?



खरीप तोंडावर आला की कंपनीच्या नंबरवर दोन तऱ्हेची उत्तरं यायला लागतात. एक असतं, "एवढं लांबडं कोण वाचतंय, चार ओळीत सांगा ना." आणि तेच चार ओळीत सांगितलं की दुसरं येतं, "पण माझ्या सोयाबीनमध्ये तूर आहे, मग काय करायचं?" गंमत म्हणजे ही दोन्ही उत्तरं बऱ्याचदा एकाच माणसाची असतात.

सभासदांच्या बैठकीतही विषय निघाला. कंपनीने यापुढं फक्त छोटे मेसेज पाठवावेत, मोठे बंद करावेत, असं काही जणांचं म्हणणं आहे. त्यांचं म्हणणं उगाच नाही. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाला रात्री पडद्यावर बारीक अक्षरं वाचायला लावणं हा काही सुखाचा कार्यक्रम नाही. तरी मी त्या मागणीच्या विरोधात आहे, आणि का ते आज सविस्तर मांडतोय. म्हणजे हा मेसेज मोठाच आहे. "आणखी वाचा" दाबावं लागेल. घाई असेल तर संध्याकाळी चहाबरोबर वाचा.

माझं मत असं. ज्या गोष्टीचा निर्णय आधीच झालाय आणि फक्त वेळ, जागा किंवा आकडा कळवायचाय, तिथं चार ओळी पुरेत, किंबहुना चारच असाव्यात. पण ज्या गोष्टीचा निर्णय तुमच्या रानावर, तुमच्या जमिनीवर, तुमच्या पिकाच्या वयावर ठरतो, ती चार ओळीत कोंबली की तिच्यातला "जर" गळून पडतो आणि नुसता "मारा" नाहीतर "पेरा" उरतो. आपलं नुकसान होतं ते त्या गळालेल्या "जर"मुळं.

आधी छोट्या मेसेजची बाजू घेतो, कारण ती पटकन संपते. दुपारनंतर विजांचा इशारा आला तर कंपनीने तुम्हाला ढगांचं शास्त्र सांगत बसू नये. "दुपारी ३ नंतर विजा. झाडाखाली थांबू नका. जनावरं आत घ्या." संपलं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप याच कामासाठी आहे. आपल्या आसपास वीज पडायची शक्यता असली की ते सूचना देतं, आणि ती दोन ओळींचीच असते. गोदाम किती वाजता उघडणार, बारदाना आला की नाही, काटा बंद आहे का, हमीभाव खरेदीची नोंदणी कोणत्या तारखेला संपतेय, हे सगळं छोट्यातच शोभतं. यात जो पाल्हाळ लावतो तो वाचणाऱ्याचा वेळ खातो.

ही छोट्याची सवय लागली कुठून, तेही बघण्यासारखं आहे. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी असेल तर १६० अक्षरं मावतात आणि देवनागरी असेल तर ७०. त्या सत्तरमध्ये काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. "पेरणी" हा आपल्याला तीन अक्षरांचा शब्द, फोनच्या हिशोबात तो पाच अक्षरांचा होतो. २०१३ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांना एसएमएसने सल्ला द्यायचं पोर्टल सुरू केलं, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात बटणांचे फोन होते. त्या ७० अक्षरांच्या खिडकीतून जेवढं दिसेल तेवढाच सल्ला. आता हातात मोठा फोन आहे, जागेची अडचण राहिलेली नाही, पण सवय तीच राहिली.

आता मोठ्याच्या बाजूला येऊ. सगळ्यात जास्त गोंधळ फवारणीत आहे, म्हणून तिथं थोडा जास्त वेळ थांबतो.

जुलैअखेर गावोगावच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास दिसतो: "सोयाबीनवर अळी आली, काय मारू?" सोबत पानाला भोक पडलेला एक फोटो. पाच मिनिटांत उत्तरं सुरू. कोणी औषधाचं नाव टाकतो, कोणी बाटलीचा फोटो टाकतो, कोणी नुसता अंगठा. प्रश्न पाच शब्दांचा, उत्तर दोन शब्दांचं, आणि सकाळी पंप पाठीवर.

या दोन शब्दांत काय काय सुटलं ते मोजून बघा. अळी कोणती, हे सुटलं. उंट अळी, तंबाखूची पानं खाणारी अळी आणि घाटे अळी एका फोटोत सारख्याच वाटतात, वागतात मात्र वेगळ्या. पीक किती दिवसांचं, फुलात आहे का, हे सुटलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अळ्या किती, हे सुटलं. मीटरभर ओळीत तीन-चार अळ्या दिसल्या तर फवारणीचा विचार करायचा असा कृषी विद्यापीठांचा सल्ला असतो, म्हणजे ती आर्थिक नुकसानीची पातळी. त्याखाली असेल तर फवारणीचा खर्च जास्त आणि वाचणारं पीक कमी. वर मित्रकिडी मरतात त्या वेगळ्याच. ज्याने रानात पाच-सहा ठिकाणी खाली बसून ओळ हलवून अळ्या मोजल्या, त्याला उत्तर निम्मं मिळालेलं असतं. ज्याने बांधावरून फोटो काढला, त्याला दहा उत्तरं मिळाली तरी उपयोग शून्य.

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांचा जो उद्रेक झाला, तो आपल्यातल्या वयस्करांना आठवत असेल. त्यानंतरच्याच वर्षी राज्यात क्रॉपसॅप सुरू झालं, म्हणजे ठरावीक शेतांत जाऊन किडी मोजायच्या, नोंद करायची आणि त्यावरून सल्ला द्यायचा. त्या सगळ्या खटाटोपाचा गाभा "आधी मोज, मग ठरव" एवढाच आहे. आपला ग्रुप नेमका तो गाभा वगळून थेट शेवटच्या ओळीवर उडी मारतो.

बरं, समजा औषधाचं नाव बरोबर आलं. तरी पुरतं का? इमामेक्टिन बेंझोएट घ्या. दुकानात ते ५ टक्क्यांचं पाण्यात विरघळणाऱ्या दाण्यांच्या रूपात मिळतं, ते ग्रॅममध्ये मोजायचं. आणि १.९ टक्क्यांचं पातळही मिळतं, ते मिलिलिटरमध्ये. नाव एकच. ग्रुपवर कोणीतरी नुसतं "इमामेक्टिन" आणि पुढं एक आकडा लिहिला, तर तो आकडा कुठल्या रूपाचा आहे? एकाचा डोस दुसऱ्याला लावला की एक तर अळी मरत नाही किंवा पैसा आणि औषध दोन्ही वाया जातं.

आणखी एक ओळ आहे, ती तर कायमच गळते. परभणीच्या आपल्या विद्यापीठाचे फवारणीचे सल्ले शेवटपर्यंत वाचलेत का? औषधांची यादी झाली की खाली सूचना असते, की हे प्रमाण साध्या पंपासाठी आहे, पॉवर पंपासाठी औषध तिप्पट घ्यावं. कारण सोपं आहे. पॉवर पंपाने एकराला पाणी बरंच कमी लागतं, म्हणजे कमी टाक्यांत एकर संपतो. औषध एकराला तेवढंच जायला हवं, म्हणून दर टाकीला ते वाढवायचं. ही शेवटची ओळ फॉरवर्ड करताना कोणीतरी कापतो, का तर मेसेज लांब होतोय. मग पॉवर पंपवाला साध्या पंपाच्या मापाने मारतो आणि आठ दिवसांनी म्हणतो, "औषध डुप्लिकेट निघालं." दुकानदाराशी भांडण, कंपनीला शिव्या, आणि अळी मजेत.

तणनाशकाचंही तसंच. "टू-फोर-डी मारा, गवत जळतं" ही ओळ खोटी नाही. पण ते रुंद पानांच्या तणांवरचं औषध आहे, आणि शेजारी कपाशी असेल तर वाऱ्याबरोबर गेलेले त्याचे तुषारसुद्धा कपाशीला बाधतात, पानं वाकडीतिकडी, चिरल्यासारखी होतात. पंप नीट न धुता तोच कपाशीत वापरला तरी तेच होतं. ही बाधा आपल्या एका एकरापुरती राहत नाही, बांधापलीकडच्या भावकीपर्यंत जाते. हा सगळा "पण" त्या चार शब्दांत कुठं बसवणार?

औषधाची बाटली हातात घेऊन बघा, छोटं आणि मोठं दोन्ही तिच्यावर आहे. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यामानाने सौम्य. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून ती छोटी खूण. पण तेवढ्यावर कायदा थांबला नाही. सोबत घडी घातलेलं माहितीपत्रक द्यायचं बंधन आहे. त्यात कोणत्या पिकावर, कोणत्या किडीवर, किती मात्रा, काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही, विषबाधेची लक्षणं काय आणि त्यावर उतारा काय, हे सगळं असतं. अक्षर मुंगीएवढं, हे मान्य. पण आपण काय करतो? खोकं उघडलं की पहिलं तेच पत्रक वाऱ्यावर सोडतो.

२०१७ चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, तोंडाला-हाताला काही न बांधता केलेलं काम, अशी कारणं तेव्हा पुढं आली. ते मेसेजमुळं झालं असं मी म्हणत नाही. पण कोणत्या औषधात काय मिसळू नये, वाऱ्याच्या कोणत्या बाजूने चालावं, कपडे कधी बदलावेत, हे "काय मारू" च्या उत्तरात कधी येत नाही, आणि दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "औषध कोणतं होतं?" उतारा औषधावर ठरतो. फॉस्फरसयुक्त सेंद्रिय औषधांच्या बाधेवर ॲट्रोपिन देतात, पण प्रत्येक गटाच्या औषधाला ते उत्तर नव्हे. म्हणून फवारणी चालू असेपर्यंत पत्रक जपून ठेवा, आणि त्याचा फोटो घरात फवारणी न करणाऱ्या माणसाच्या फोनमध्येही असू द्या. नवऱ्याला चक्कर आली तर त्याच्याच फोनमधला फोटो घरच्या बाईला कसा सापडणार?

पेरणीकडं वळतो, कारण आता तेच तोंडावर आहे. "आमच्याकडं पाऊस झाला, पेरा" हा मेसेज दरवर्षी फिरतो. किती झाला? सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर झाल्यावरच चाड्यावर मूठ धरा असं कृषी खातं सांगतं. शेजारच्या गावात ९० झाला आणि आपल्याकडं ३० वर थांबला, हे आपल्या भागात नवं नाही. भारी जमिनीत ओल टिकते, मुरमाड रानात चार दिवसांत उडते. ज्याने "पेरा" म्हटलं त्याच्या रानात ते खरंच असेल. त्याने खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. दुबार पेरणीचं बियाणं मात्र आपल्या खिशातून येतं.

घरचं बियाणं वापरणाऱ्यांना "उगवण तपासा" एवढं सांगून भागत नाही. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळा, ओल राखा आणि मग चांगले कोंब किती आले ते मोजा. ७० आले तर एकरी ३० किलो. ६० आले तर त्याच हिशोबाने ३५ किलो. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी, कारण आधी लावलेले जिवाणू औषधाने मरतात. "बीजप्रक्रिया करा" या दोन शब्दांत हा क्रम दिसत नाही, आणि क्रम चुकला तर रायझोबियमचं पाकीट पाण्यात गेलं समजा.

छोट्या मेसेजचं आणखी एक दुखणं म्हणजे त्याच्यावर तारीख नसते. तारीख नसलेला मेसेज कधी मरत नाही, दरवर्षी नव्याने जन्म घेतो. "एक रुपयात पीक विमा" ही ओळ २०२३ च्या खरिपात अगदी खरी होती. २०२५ च्या खरिपापासून ती राहिली नाही, शेतकऱ्याला खरिपात सोयाबीनसाठी विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. "नुकसान झालं की ७२ तासांत कळवा" ही ओळ तर आपण तोंडपाठ केली होती. पण २०२५ मध्ये राज्याने योजनेतून स्थानिक आपत्तीची ती भरपाई काढली आणि सगळं पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर आणलं. नियम पुन्हाही बदलू शकतात. म्हणून अशी ओळ आली की आधी विचारा, कोणत्या वर्षाची, कोणत्या हंगामाची?

ओलाव्याचंही तसंच झालं. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने हमीभाव खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ वर नेली. त्या वेळी हमीभाव ४,८९२ रुपये होता. ही सवलत त्या हंगामापुरती होती आणि हमीभाव केंद्रावरची होती. नुसतं "१५ टक्के चालतंय" वाचून कोणी पुढच्या हंगामात ओला माल ट्रॉलीत भरून नेला, तर परत फिरायचं भाडं कोण देणार?

बाजारभावाचं थोडक्यात सांगतो. "लातूर सोयाबीन" आणि पुढं एकच आकडा आला की तो बहुतेक वेळा कमाल भाव असतो, कारण तोच बघायला बरा वाटतो. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे देते. आपल्या मालाला कमाल मिळेल असं गृहीत धरून घरातून निघू नका, सर्वसाधारण विचारा. कंपनी यापुढं भावाचा मेसेज छोटाच ठेवेल, पण तीनही आकडे आणि तारीख घालून.

आता विरोधी बाजूचं ऐकू, कारण तिच्यात दम आहे. मोठा मेसेज न वाचता सोडला तर तो पाठवून उपयोग काय? खरं आहे. काही मोठे मेसेज न वाचण्याच्याच लायकीचे असतात. सुरुवातीला दहा फुलं, मग सुविचार, मग पदाधिकाऱ्यांची नावं, आणि शेवटी कुठंतरी कामाची एक ओळ. लांबी म्हणजे सखोलपणा नव्हे. हवामान खातं आणि विद्यापीठ मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला पत्रिका काढतात. ती लांब असते कारण तिच्यात हरभऱ्यापासून शेळीपर्यंत सगळ्यांसाठी मजकूर असतो. ती पूर्ण वाचायची गरजच नाही, आपलं पीक शोधायचं आणि तेवढा परिच्छेद पूर्ण वाचायचा. मोठ्या मेसेजलाही पहिल्याच ओळीत सांगता आलं पाहिजे, की हा कोणासाठी आहे आणि कशावर आहे. ज्याच्याकडं सोयाबीन नाही त्याने तिथंच थांबावं, त्यात काही गैर नाही.

काही जण म्हणतात, लिहूच नका, आवाजात पाठवा. ज्यांना वाचायचा त्रास आहे, चष्मा घरी राहतो, त्यांच्यासाठी आवाज चांगलाच. माझी अडचण एकच, आवाजातला आकडा सापडत नाही. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून सहा मिनिटांचा ऑडिओ पुन्हा पुन्हा मागे नेऊन "किती मिली म्हणाले?" शोधणारे लोक बघितलेत तुम्ही. म्हणून समजावणं आवाजात असावं, पण मात्रा, तारीख आणि फोन नंबर लिहूनच. ज्या घरात फोन एकच आणि तो पोराकडं असतो, तिथल्या ताईंनी पोराला तो मेसेज मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. खुरपणीला आणि फवारणीचं पाणी भरायला रानात त्याच असतात. सल्ला त्यांच्यापर्यंत पोचला नाही तर तो अर्ध्या वाटेतच राहिला.

मोठं लिहायची जबाबदारी एकट्या कंपनीची नाही, प्रश्न विचारणाऱ्याचीही आहे. "काय मारू" ऐवजी असं लिहून बघा: "सोयाबीन, ४२ दिवस, फुलाला सुरुवात. पाच ठिकाणी मोजलं, मीटरला सरासरी ५ अळ्या, हिरव्या, चालताना पाठ उंच करतात. तूर आंतरपीक. मागची फवारणी १५ दिवसांपूर्वी, औषध अमुक. पंप पेट्रोलचा. कालपासून पाऊस नाही." सोबत तीन फोटो: पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, आणि अळी जवळून. लिहायला पाच मिनिटं लागतात. पण अशा प्रश्नाला उत्तर देणारा माणूस अंदाजाने बोलत नाही. कधी कधी तर लिहितानाच उत्तर सापडतं. मीटरला एकच अळी निघते आणि आपण पंप खाली ठेवतो. शंका असेल तर किसान कॉल सेंटरला, १८००-१८०-१५५१ वर, फोन करा. तेही तुम्हाला हेच प्रश्न विचारतील, मग उत्तरं आधीच तयार असलेली बरी.

आणि हंगाम संपल्यावरचं बोलतो. दिवाळीच्या आसपास ग्रुपवर आकडे पडतात: "एकरी १२ क्विंटल, अमुक वाण." खाली टाळ्या. पुढच्या जूनला अर्धा गाव त्याच वाणाच्या मागे. पण ते बारा क्विंटल कशाने आले? वाणाने, की रुंद वरंबा सरीवर पेरल्यामुळं, की शेंगा भरताना दोन पाणी देता आले म्हणून, की त्या रानात तीन वर्षं सोयाबीनच नव्हतं म्हणून? कोणी टोकण केली असेल तर अंतर किती, मजूर किती दिवस, बियाणं किती वाचलं? हे पूर्ण लिहिणारा सभासद आपल्याकडं मिळणं अवघड झालंय. पाच क्विंटल आलेला तर लिहीतच नाही, लाज वाटते त्याला. मला विचाराल तर त्या पाच क्विंटलवाल्याचा मोठा मेसेज बारावाल्याच्या छोट्यापेक्षा जास्त कामाचा. पाणी कुठं साचलं, मोझॅक कधी दिसला, पिवळी झाडं उपटली की नाही, हे त्यालाच माहीत असतं. असा मेसेज कोणी पाठवला आणि नाव नको म्हटलं, तर कंपनी नाव न घालता सगळ्यांना पाठवेल.

तर बैठकीत मी हे मांडणार आहे: गोदाम, भाव, नोंदणी, इशारे हे चार ओळीत, तारखेसह. पेरणी, फवारणी, विमा हे पूर्ण, पहिल्या ओळीत पीक आणि विषय लिहून, आणि आठवड्यातून दोनापेक्षा जास्त नाहीत. पूर्ण मेसेजमधून एखादी ओळ कापून गावच्या ग्रुपवर टाकायची असेल तर टाकू नका, सगळाच पुढं पाठवा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैठकीत बोला, तोवर याच नंबरवर कळवलंत तरी चालेल. आणि हो, हा नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला नसेल तर आमचे मेसेज तुमच्यापर्यंत येतच नाहीत. शेजाऱ्याला येत नसतील तर त्याला एवढं करायला सांगा.

एक काम मात्र बैठकीची वाट न बघता करायचंय. घरचं सोयाबीन बियाणं वापरणार असाल तर उगवण चाचणी आजच लावा आणि निकाल आला की कळवा: वाण कोणतं, शंभरातले किती उगवले, बी मळणीयंत्रातून काढलं की हाताने झोडपून, पोती कशी आणि कुठं ठेवली होती. मेसेज "घरचं बी" या दोन शब्दांनी सुरू करा, म्हणजे आम्हाला शोधायला सोपं जाईल. ज्यांचे कोंब ६० च्या खाली आलेत त्यांना आम्ही स्वतः फोन करू.